पार्सल जाईल त्या प्रत्येक राज्यात टॅक्स भरायचा का?

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहते, लोकरीची खेळणी आणि स्वेटर विणून विकते, थोडे एटसी या ऑनलाइन बाजारावर, थोडे स्वतःच्या वेबसाइटवर. सगळं मिळून वर्षाला 20 हजार डॉलरच्या आतच. ओळखीचे एकजण म्हणाले 2018 पासून नियम बदललाय, जिथे जिथे पार्सल जातं तिथे सगळीकडे सेल्स टॅक्ससाठी रजिस्टर कर नाहीतर नोटीस येईल. झोप उडालीये. काय करू?

उत्तर: ताई, आधी झोपा बघू. त्यांनी अर्धंच सांगितलंय. सुप्रीम कोर्टाच्या 1992च्या क्विल निकालाप्रमाणे ज्या राज्यात तुमचं दुकान, गोदाम, माणूस काहीच नाही ते राज्य तुम्हाला टॅक्स गोळा करायला लावू शकत नव्हतं, ते त्याच कोर्टाने जून 2018मध्ये वेफेअर या ऑनलाइन फर्निचर कंपनीच्या केसमध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी मोडीत काढलं, इथपर्यंत खरंय. पण ज्या साउथ डकोटाच्या कायद्यावरून ही केस झाली त्यातच छोट्यांना सूट होती: त्या राज्यात वर्षाला 1 लाख डॉलरच्या वर विक्री किंवा 200 ऑर्डरी झाल्या तरच टॅक्स गोळा करायचा. यातली 200 ऑर्डरींची अट खरी वाईट, 5 डॉलरची कीचेन विकणारा हजार डॉलरलाच अडकतो. साउथ डकोटाने ती 2023मध्ये काढली, पण काही राज्यांत अजून आहे, तेव्हा राज्यवार ऑर्डरी मोजत जा. कॅलिफोर्निया, टेक्सासची मर्यादा तर 5 लाख डॉलर आहे. घाबरून सगळीकडे रजिस्टर केलंत तर एक रुमाल विकला नाही तरी शून्याचे रिटर्न भरत बसाल.

एटसीवरच्या विक्रीचा टॅक्स एटसीच गिऱ्हाइकाकडून घेऊन भरते. राहिली तुमची वेबसाइट, आणि तिथे घरच्या राज्याला मर्यादा वगैरे काही नाही, न्यू जर्सीत जाणाऱ्या पहिल्या ऑर्डरपासून टॅक्स. 40 डॉलरचं खेळणं, 6 डॉलर शिपिंग, तर 6.625 टक्क्यांनी 3 डॉलर 5 सेंट, कारण खेळण्याला टॅक्स आहे म्हणून शिपिंगलाही आहे (हे बरेच जण विसरतात आणि मग खिशातून भरतात). स्वेटरला मात्र शून्य, कपडे माफ आहेत. वेबसाइटच्या सेटिंगमध्ये दोन्ही एकाच खान्यात टाकले असतील तर आजच वेगळे करा.

गंमत म्हणजे तुमची लोकर थेट सुप्रीम कोर्टात पोचली होती! त्याच वेफेअर केसमध्ये विरोधी मत लिहिताना सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी दाखला दिला तो न्यू जर्सीचाच, की कलाकुसरीसाठी घेतलेल्या लोकरीवर टॅक्स, स्वेटरसाठी घेतलेल्या लोकरीवर नाही. देशात टॅक्स लावणाऱ्या 10 हजारांवर हद्दी आहेत आणि ओझं छोट्यांवरच पडणार असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं. मोठ्या कंपनीत यासाठी अख्खं डिपार्टमेंट असतं, तुमच्याकडे तुम्हीच विणणार, तुम्हीच पॅक करणार आणि रात्री अकराला तुम्हीच टॅक्सचे कोड शोधणार.

तुमच्या सोयीची एक गोष्ट: विकायच्या खेळण्यांसाठी लोकर घेताना दुकानदाराला फॉर्म एसटी-3 (माल पुढे विकण्यासाठी घेतल्याचा दाखला) भरून द्या, म्हणजे त्या लोकरीवर टॅक्स लागत नाही. नातवाच्या खेळण्याची लोकर मात्र त्यात घालू नका, तिचं बिल वेगळं करायला सांगा.