मुलीचे दिवस लॉगबुकवर, म्हणजे काय काय करून दाखवलं त्याच्या नोंदवहीवर, शिक्षकांच्या सह्या गोळा करण्यातच जातात. एमबीबीएसच्या या नव्या ‘कॉम्पिटन्सी’ पद्धतीतून खरंच डॉक्टर घडतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नागपुरात दुसऱ्या वर्षाला आहे, घरी येते ती राहिलेल्या सह्यांची काळजी घेऊनच, आणि हे सगळं नुसतं कागद भरणं वाटतं. मी इथेच मेडिसिन शिकवते, वीस वर्षं होत आली. तुमची शंका रास्त आहे. पण पद्धतीत खोट नाही, हे आधी सांगते.

आमच्या वेळी वर्षभर बेडभोवतीच्या घोळक्यात मागे उभं राहूनही पास होता यायचं. परीक्षेला लाँग केस (एक पेशंट सविस्तर तपासायचा), शॉर्ट केस (थोडक्यात तपासायचा) आणि व्हायवा म्हणजे तोंडी. केस कुठली वाट्याला येते आणि परीक्षक कोण, यावर बरंच ठरायचं. मी पेशंट तपासत असताना परीक्षक जवळ नसायचेच. ते नंतर यायचे आणि काय सापडलं ते ऐकायचे. ‘प्लीहा हाताला लागते’ असं मी म्हटलं, तर माझा हात पोटावर नेमका कुठे होता हे कोणीच पाहिलेलं नसायचं.

२०१९च्या बॅचपासून देशभर हे बदललं. विद्यार्थ्याला काय काय करता आलं पाहिजे ते प्रत्येक विषयात आधीच लिहून ठेवलं आणि त्यापुढे पातळी घातली: माहीत आहे, कसं करायचं ते कळतं, करून दाखवतो, स्वतः करतो. यामागची उतरंड वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी १९९०मध्ये मांडली. ‘करून दाखवतो’ हे तपासायची ऑस्की परीक्षा त्याहून जुनी, त्याच क्षेत्रातल्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५मध्ये मांडलेली. छोटी छोटी स्टेशनं, प्रत्येकाला तेवढीच मिनिटं, परीक्षकाच्या हातात चेकलिस्ट. मुलगा बी.पी. बघताना कफ कुठे बांधतो, आधी नाडी चाचपतो का, हे तिथे डोळ्यांनी पाहूनच गुण द्यावे लागतात.

लॉगबुकही याचसाठी आहे. मुलीचं उघडून बघा. सहीच्या आधी प्रयत्न पहिला की पुन्हा केलेला, जमलं की अपेक्षेपेक्षा कमी पडलं, पूर्ण झालं की परत करायचं, असे रकाने असतात. ‘परत करायचं’ हा शेरा मुलांना नापास झाल्यासारखा लागतो. मला तो त्या वहीतला सगळ्यात उपयोगी शेरा वाटतो.

एक प्रसंग सांगते. अखिल भारतीय कोट्यातून आलेली, मराठी नुकतीच शिकू लागलेली एक विद्यार्थिनी केस घेत होती. म्हातारे बाबा म्हणाले, ‘जीव घाबरते.’ तिने वहीत ‘भीती वाटते’ असं लिहिलं. मी शेजारी उभी होते म्हणून मला ते दिसलं. तिला म्हटलं, घाबरते म्हणजे काय होतं ते विचार. बाबा म्हणाले, ‘जिना चढलो का छातीवर गोटा ठेवल्यावानी वाटते, थांबलो का बरं वाटते.’ लगेच ईसीजी काढला. अभ्यासक्रमाच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा आहे ती यासाठीच. गडचिरोलीपासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे पेशंट नागपूरला येतात. त्यांचं बोलणं ऐकून समजणं हे पाठांतराने येत नाही. संवाद आणि नीतिमत्तेसाठी ‘एटकॉम’चे वेगळे तास आहेत, पण ते वर्गातच संपले तर फार हाती लागत नाही.

आता तुमच्या तक्रारीकडे येते. मी शेजारी उभी होते, तेवढ्यावर ते सगळं साधलं. आणि नेमकं तेच रोज होत नाही. एका वर्षाला दोनशेच्या वर मुलं, ओपीडी दुपारपर्यंत हटत नाही, रेसिडेंट, म्हणजे पुढचं शिक्षण घेणारे वॉर्डातले डॉक्टर, रात्रभर जागलेले. मग पोस्टिंगच्या, म्हणजे एका विभागातल्या वॉर्डात शिकायच्या पाळीच्या, शेवटच्या आठवड्यात वह्यांचा गठ्ठा टेबलावर येतो आणि सह्या होतात. मीही अशा सह्या केल्या आहेत आणि त्याचं मला वाईट वाटतं. न बघता केलेली सही विद्यार्थ्याला काहीच देत नाही, उलट आपल्याला येतं असा समज देऊन जाते.

तुमच्या मुलीने एवढं करावं. वही पुढे करण्याआधी ‘मॅडम, मी करते, दोन मिनिटं बघता का?’ असं विचारावं. गर्दीच्या ओपीडीत नको. राउंड संपल्यावर किंवा दुपारी वॉर्ड जरा शांत असताना विचारलं तर बहुतेक शिक्षक थांबतात. मी थांबते. काय चुकलं ते त्याच दिवशी वहीत तारखेसह लिहून ठेवावं आणि दुसऱ्यांदा केलं की तेही लिहावं. कोणी नसेल तर मैत्रिणीच्या हातात चेकलिस्ट द्यावी आणि एकमेकींना तपासावं. परीक्षेच्या आधी मुलं हे करतातच, ते पोस्टिंगच्या पहिल्या आठवड्यापासून करावं.

आणि बी.पी.चं यंत्र घरी असेल तर रविवारी तिला तुमचंच बघू द्या. पाच मिनिटं शांत बसा, हात टेबलावर, पाय जमिनीला टेकलेले, मध्ये बोलू नका. तिने हे सगळं तुम्हाला आधी सांगितलं का, तेवढं लक्षात ठेवून मग तिला सांगा.