ब्रह्मगिरीवरचा वणवा नाशिकच्या किड्यांना कळतो का?

त्र्यंबकला ब्रह्मगिरी पेटला तर नाशिक शहरातल्या किड्यांना त्याची धग लागते का, असा प्रश्न आहे. धग म्हणजे तापलेली हवा म्हणत असाल, तर नाही. ती सरळ वर जाते. लांबवर पोचतात ते इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, आणि ते टिपणारे अवयव फार थोड्या कीटकांना असतात.

सर्वांत जास्त अभ्यास झालाय तो मेलानोफिला अॅक्युमिनाटाचा. सेंटिमीटरभर लांबीचा हा काळा भुंगेरा युरोप-अमेरिकेतल्या सूचिपर्णी जंगलांतला. आपल्याकडे पावसाळ्यात बाभळीवर दिसणारं हिरवं सोनपाखरू त्याच्याच कुळातलं. मेलानोफिलाच्या छातीच्या खालच्या अंगाला, मधल्या पायांजवळ, दोन्हीकडे एकेक खळगा असतो. प्रत्येकात सुमारे ७० सूक्ष्म गोळ्या. गोळीचं कवच टणक, आत पाणी. वणव्याचे किरण २ ते ४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत तीव्र असतात, आणि ३ मायक्रोमीटरला पाणी ते अक्षरशः पिऊन टाकतं. पाणी किंचित तापून फुगतं, कवच ताणत नाही, म्हणून सगळा दाब मज्जातंतूच्या टोकावर येतो. थोडक्यात, कीटकांच्या अंगावर स्पर्श कळण्यासाठी जे केस असतात, त्यांचंच हे बदललेलं रूप. त्यामुळे प्रतिसाद काही मिलिसेकंदांत मिळतो.

हा भुंगेरा १३० किलोमीटरवरून आग ओळखतो, असा सगळीकडे फिरणारा आकडा जपून वापरा. १९२५ साली कॅलिफोर्नियात कोअलिंगा इथे तेलाची टाकी पेटली, तिथे याच्याच जवळच्या नात्यातले मेलानोफिला कॉन्सप्युटा हे भुंगेरे मोठ्या संख्येने आले. जंगल खूप लांब होतं, त्यावरून गणित मांडून हा आकडा काढलाय. आधीचा अंदाज १० हेक्टरच्या आगीसाठी १२ किलोमीटरचा होता. मध्ये डोंगर आडवा आला की किरण तिथेच अडतात, हेही धरायला हवं.

शिवाय एकट्या किरणांवर या भुंगेऱ्याचं भागत नाही. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन जळताना ग्वायाकॉल नावाचं रसायन निघतं, ते मिशांना अत्यल्प प्रमाणातही कळतं. मादी नुकत्याच जळालेल्या झाडाच्या सालीत अंडी घालते, कारण मेलेलं झाड राळ सोडून अळ्यांना अडवू शकत नाही.

आपल्या डोंगरांवर बहुतेक वेळा वाळलेलं गवतच जळतं, आणि तेही झटपट विझतं. जाळाच्या कडेला उडताना दिसतात ते पळ काढणारे नाकतोडे. कोतवाल आणि घारी त्यांच्यासाठीच घिरट्या घालतात. आगीकडे येणारे कीटक शोधायचे असतील तर आग पूर्ण विझल्यावर, दिवसा, होरपळलेल्या खोडांची साल बघा. रात्री दिवा लावून बसलात तर दिव्याकडे आलेला कोण आणि आगीकडे आलेला कोण, हे वेगळं करता येणार नाही.