वाट पाहतानाचं तुमचं, फाईल आल्यानंतरचं मुलाचं

परदेशातून मूल दत्तक घेण्यासाठी तुमची कागदपत्रं तिकडे पोचली आहेत, मूल अजून ठरलेलं नाही, आणि तुम्ही विचारताय की हा सगळा प्रवास आत्तापासून लिहून ठेवावा का, नातेवाईक-मित्रांना वाचायला द्यावा का. आमची मुलगी घरी आली त्याला अकरा वर्षं झाली. त्या काळात मी पाच वह्या भरल्या. तेव्हा लिहा, हे अगदी मनापासून सांगते. वाचायला देण्याबाबत मात्र माझं तेव्हाचं मत पार बदललं आहे.

वाट पाहण्याचा काळ तुमचा असतो. होम स्टडीला, म्हणजे दत्तक देण्याआधी घरी येऊन होणाऱ्या चौकशीला, आलेल्या बाईंनी आपल्या लहानपणाबद्दल विचारलेले अवघड प्रश्न, मुदत संपली म्हणून पुन्हा काढावे लागलेले वैद्यकीय दाखले, फोन वाजला की छातीत होणारी धडधड, हे हवं त्याला सांगा. आम्हाला चौदा महिने काहीच कळत नव्हतं. लिहिण्यानेच मी त्यातून तरले.

मुलाची फाईल हातात येते तिथे हे बदलतं. मूल कुठे सापडलं, जन्मदात्या आईची परिस्थिती काय होती, कुठला आजार होता, ही माहिती मुलाची आहे. मी हे समजून घेतलं नाही. आनंदाच्या भरात त्याच आठवड्यात दहा-बारा जणांना सगळं सविस्तर लिहून पाठवलं. मुलगी नऊ वर्षांची असताना तिच्या चुलत बहिणीने खेळता खेळता तिला ती कुठे सापडली होती ते सांगून टाकलं. आम्ही तोवर सांगितलं नव्हतं. तीन दिवस ती जेवढ्यास तेवढं बोलली. मग एकच विचारलं, "अजून कोणाकोणाला माहीत आहे?" तिच्यासमोर बसून मला नावांची यादी करावी लागली. त्या दुपारचं मला आजही वाईट वाटतं.

एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक देण्याबाबतच्या १९९३ च्या हेग या आंतरराष्ट्रीय करारातलं ३० वं कलम तेव्हा मी नुसतं वाचून पुढे गेले होते. मुलाच्या मूळाची माहिती, विशेषतः आईवडिलांची ओळख आणि आजारांचा इतिहास, यंत्रणांनी जपून ठेवावी आणि कायद्यात बसेल तिथवर मुलाला ती योग्य मार्गदर्शनासह पाहू द्यावी, असं ते सांगतं. त्यात माहिती बघायची मुभा आहे ती मुलाला. शेजारपाजारच्यांचा उल्लेखही नाही.

म्हणून दोन वह्या करा. एक तुमची. दुसरी फक्त मुलासाठी, आणि त्या वहीत भावना कमी, तपशील जास्त. कोण भेटलं, कोणत्या तारखेला, दुभाष्याने नेमके कोणते शब्द वापरले. सांभाळणाऱ्या बाई मुलाला कोणत्या नावाने हाक मारत होत्या, झोपवताना काय करत होत्या. कुठली गोष्ट कागदावर होती आणि कुठली कोणी तोंडी सांगितली, हे वेगळं लिहा, कारण कागदही चुकीचे असू शकतात. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये हेच मान्य केलं: आईवडील हयात असलेल्या मुलांनाही कागदोपत्री अनाथ ठरवून परदेशी पाठवलं गेलं होतं. ३६७ अर्जदारांपैकी ५६ जणांच्या हक्कांचं उल्लंघन झाल्याचं तेव्हा नोंदवलं गेलं. ही माणसं आता मोठी झाली आहेत आणि एकेका खुणेसाठी जुन्या फायली उलटताहेत. तुमची वही कदाचित त्या फाईलीखेरीज तुमच्या मुलाकडची एकमेव नोंद असेल. नंतर विचारू, असंही ठेवू नका. चीनने २०२४ मध्ये नात्यातली दत्तकं वगळता परदेशी दत्तक बंदच केलं. दारं अशी मिटतात.

आणखी एक. जे माहीत नाही तिथे गोड वाक्य भरू नका. माझ्या पहिल्या वहीत "तुझ्या आईचं तुझ्यावर खूप प्रेम होतं म्हणून तिने तुला सोडलं" असं आहे. मला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. प्रेम असलं की माणूस सोडून जातो, असाही त्याचा अर्थ लहान मूल लावू शकतं, हे फार उशिरा उमगलं. "हे आम्हाला माहीत नाही" असं लिहून पान कोरं ठेवा. "आम्ही तिला वाचवलं" हेही लिहू नका. कृतज्ञतेचं ओझं मुलाच्या माथी कशाला?

गेल्या वर्षी तिने तिची वही मागितली. एका बैठकीत वाचली, एका पानाशी थांबली. तिथे लिहिलं होतं की पहिल्या रात्री ती एक पिवळं फडकं हातातून सोडत नव्हती. "ते कुठे आहे?" तिने विचारलं. मी ते कपाटातून काढून दिलं. तिने नाकाशी धरलं आणि म्हणाली, "याला आपल्याच घराचा वास येतोय." आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी मी ते धुतलं होतं. तुमच्या मुलासोबत जे काही कापडाचं येईल, ते न धुता हवाबंद पिशवीत ठेवा.