भाड्याचा डेडिकेटेड सर्व्हर विश्वासार्ह आहे हे कसे पारखावे?

डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे फक्त आपल्याच वापरासाठी राखलेला सर्व्हर, भाड्याने घेताना कंपनीची विश्वासार्हता कशी पारखावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते जाहिरातीतील टक्केवारीपेक्षा करारातील मजकूर आधी वाचावा. ९९.९ टक्के अपटाइम (सर्व्हर चालू राहण्याचा काळ) म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटे सर्व्हर बंद राहिला तरी करार मोडत नाही, आणि मोडला तरी भरपाई बहुधा पुढील बिलातील सवलतीपुरतीच असते. आपल्या कामाचे झालेले नुकसान त्यातून भरून येत नाही. म्हणून बिघडलेली डिस्क किंवा पॉवर सप्लाय किती तासांत बदलून मिळेल, हे लेखी घ्यावे. ईसीसी मेमरी (स्वतःतील किरकोळ चुका आपोआप दुरुस्त करणारी) आणि रेड १ मधील, म्हणजे एकच डेटा एकाच वेळी दोन्हींवर लिहिला जाणाऱ्या, दोन डिस्क असाव्यातच. परंतु रेड म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. बॅकअप दुसऱ्या डेटा सेंटरमध्येच ठेवावा. सर्व्हर सुरूच होत नसेल तेव्हा त्याची स्क्रीन दुरून दाखवणारा आयपीएमआय कन्सोल मिळतो का, हेही विचारावे. मी स्वतः पैसे भरण्यापूर्वी रात्री दोन वाजता एखादा नेमका तांत्रिक प्रश्न पाठवून पाहतो. उत्तर साचेबद्ध आले, तर त्या कंपनीचा विचार सोडून देतो. पहिले काही महिने वार्षिक नव्हे, मासिक करारच करावा.