नवीन किराणा दुकान टाकताय? आधी हे वाचा

नोकरी सोडून गल्लीत किराणा टाकताय, मनापासून शुभेच्छा. बावीस वर्षं गल्ल्यावर बसतोय, म्हणून सुरुवातीपुरतं सांगतो. जीएसटी, होलसेलच्या स्कीमा नंतर बघू.

१. भाडं. छोटी दुकानं बहुतेक इथेच बुडतात. करार बहुतेक वेळा ११ महिन्यांचा असतो. दुकान चालायला लागलं की मालक भाडं वाढवतो. दरवर्षीची वाढ पहिल्याच करारात लिहून घ्या. फर्निचरवर पैसे घालू नका, ते परत मिळत नाहीत.

२. उधारी. माझ्या पहिल्या वर्षी वही भरली आणि तेलाचे डबे आणायला गल्ल्यात पैसे उरले नाहीत. माणसं वाईट नव्हती, मलाच नाही म्हणता येत नव्हतं. प्रत्येक घराला मर्यादा ठरवा, पगाराच्या आठवड्यात हिशेब मिटवा, आणि लिहिताना वही गिऱ्हाइकाकडे फिरवून धरा.

३. माल. साखर-तेलात मार्जिन नावालाच. सुटे मसाले, पापड, शेंगदाणे यांवर घर चालतं. बिस्किटांची तारीख रोज बघा. उरलेला माल परत घेणार का, हे सेल्समनला माल उतरवण्याआधीच विचारा.

दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपशी भावात भिडू नका, दमछाक होईल. पण शेजारच्या आजींना पाव किलो रवा चाळून, वर नेऊन तुम्हीच देऊ शकता.

गुमास्त्याला, म्हणजे दुकानाच्या सरकारी नोंदणीला, घाबरू नका. मोजकेच कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने नुसती सूचना द्यायची असते, तीही ऑनलाइन.

जागा ठरली की भाड्याचा आकडा कळवा, सोबत हिशेब मांडू.