निर्माल्याचा वेगळा माठ

‘घरात पर्यावरणाची काळजी मला एकटीलाच का?’ समुपदेशनासाठी येणाऱ्या बायकांकडून, आणि अलीकडे काही पुरुषांकडूनही, हा प्रश्न वारंवार कानावर येतो. कुणाचा नवरा नळ वाहता ठेवून दाढी करतो, कुणाच्या घरी ओला-सुका कचरा रोज एकत्र होतो, कुणाची मुलं दिवसाआड बाहेरून डबे मागवतात. त्यात देवाधर्माचा विषय आला की बोलणंच खुंटतं, कारण तिथे चूक दाखवायची म्हणजे कुणाच्या तरी श्रद्धेला हात लावायचा. म्हणून एका ताईंची हकीगत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

ताई पुण्याच्या, पंचेचाळिशीच्या, नोकरी करणाऱ्या. घरात नवरा, अकरावीतली मुलगी आणि वाईहून कायमच्या राहायला आलेल्या सासूबाई. ताई आल्या त्या झोपेची तक्रार घेऊन. सगळे निजले की त्या कचऱ्याचे डबे उपसत बसायच्या. दुधाच्या पिशव्या धुऊन उलट्या वाळत घालायच्या, ओल्यात पडलेले कागद निवडायच्या आणि मग अंथरुणावर पडून मोबाइलवर नद्यांच्या, तापमानाच्या, अवकाळीच्या बातम्या वाचायच्या. पहाटे डोळा लागायचा. “माझ्या मुलीच्या वाट्याला काय उरणार आहे हो?” असं म्हणताना त्यांना रडू आवरलं नाही.

अशा वेळी आधी दोन-तीन गोष्टी तपासून घ्याव्या लागतात. या वयात झोप जाण्याला थायरॉइड किंवा पाळी जाण्याच्या काळातले बदलही कारण असू शकतात, म्हणून त्यांना डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायला सांगितलं. दुसरं म्हणजे ही नुसती काळजी आहे की मंत्रचळ? रोज तासाहून जास्त वेळ एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करावीशी वाटत असेल, ती थांबवली की जीव घाबराघुबरा होत असेल, तर ते मानसोपचारतज्ज्ञांचं काम असतं. ताईंचं तसं नव्हतं. चार दिवस गावी गेल्यावर त्या शांत झोपल्या होत्या आणि डबे पाहायची ओढही लागली नव्हती.

राहिली ती पर्यावरणाची चिंता. तिला मी कधीच ‘उगाच’ म्हणत नाही. २०२१ साली ‘द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात एक मोठं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. भारतासह १० देशांतल्या, १६ ते २५ वयाच्या १०,००० जणांना हवामानबदलाबद्दल काय वाटतं ते त्यात विचारलं होतं. ५९ टक्के जण अतिशय किंवा कमालीचे चिंतेत होते आणि या भावनांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो, असं ४५ टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं होतं. ताईंना हे आकडे सांगितले तेव्हा त्या पहिल्यांदा जरा सैलावल्या. आपल्यालाच वेड लागलं नाही, हे कळण्याचाही आधार असतो.

पण त्यांच्या घरातली खरी जखम वेगळीच होती. एकदा मुलीची सॅक धुवायला काढताना आतल्या कप्प्यात वेफर्स आणि चॉकलेटची रिकामी वेष्टनं सापडली, बारीक घड्या घालून कोंबलेली. ताईंना वाटलं, मुलगी खोटं वागायला लागली. मी त्यांना एवढंच विचारलं, “तिने ती रस्त्यात का नाही फेकली?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मुलगी कचरा रस्त्यावर टाकत नव्हती, म्हणजे आईचं शिकवणं पोचलं होतं. फक्त घरच्या डब्यात टाकलं तर जाब द्यावा लागेल, म्हणून ती वेष्टनं दप्तरात वागवत होती. ज्या घरात कचऱ्यापायी मूल घाबरतं, तिथे ते पृथ्वीवर प्रेम करायला शिकत नाही. आईच्या नजरेतून सुटायला शिकतं.

विवेकनिष्ठ मानसोपचारात आम्ही इच्छा आणि हट्टाग्रह वेगळे करतो. घरातल्यांनी प्लास्टिक कमी वापरावं ही ताईंची इच्छा अगदी रास्त. पण ‘त्यांनी ते कमी केलंच पाहिजे, नाहीतर ती माणसं बेफिकीर आणि मी अपयशी’ हा हट्ट त्यांना जाळत होता. इच्छा अपुरी राहिली तर वाईट वाटतं, माणूस दुसरी वाट शोधतो. हट्ट मोडला की मात्र संताप येतो, नाहीतर अपराधीपणा, आणि दोन्ही रात्री जागवतात.

ताई रोज पूजा करणाऱ्या, सकाळचे श्लोक न चुकता म्हणणाऱ्या. म्हणून त्यांना त्यांच्याच दिनचर्येतली एक गोष्ट दाखवली. सकाळी अंथरुणातून उठताना जमिनीला पाय लावण्याआधी आपण भूमातेची क्षमा मागतो. क्षमा मागून काय करतो? पाय ठेवतो आणि कामाला लागतो. पाय लावल्याशिवाय जगता येणार नाही हे त्या प्रार्थनेला ठाऊक आहे. ती माणसाला खाटेवर खिळवून ठेवत नाही, त्याला जपून चालायला सांगते. ताई मात्र दिवसभर क्षमाच मागत होत्या, आणि ती कधी मिळाली असं त्यांना वाटतच नव्हतं. हे त्यांना फार लागलं. पुढच्या भेटीत सांगत होत्या की श्लोक म्हटल्यावर आता दोन क्षण थांबते, आणि ‘झालं, आता उठायचं’ असं मनाशी म्हणते.

अध्यात्माचा समुपदेशनात उपयोग करताना मी एक पथ्य पाळते. ‘सकारात्मक राहा, देव बघून घेईल’ असं मी कुणाला सांगत नाही. नदीला फेस आलेला असताना तो न बघणं म्हणजे सकारात्मकता नव्हे. श्रद्धा असलेल्या माणसाला आपल्या हातून होईल तेवढं करून बाकीचं सोडून देता येतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच मनापासून करता येतं. हे बळ मी खूप माणसांत पाहिलं आहे. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावं झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करत. त्यांच्यासाठी झाडणं आणि कीर्तन ही वेगळी कामं नव्हती.

मग आल्या सासूबाई. खरं सांगायचं तर या हकिगतीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांचं बोलणं. ताईंच्या लेखी मुख्य अडथळा त्याच होत्या. ओल्या कचऱ्याच्या खतासाठी ताईंनी गॅलरीत डबा ठेवला होता, पण सासूबाई देवावरची फुलं त्यात टाकू देत नव्हत्या. निर्माल्य नदीतच गेलं पाहिजे, असं म्हणत मुलाला पिशवी घेऊन पुलावर पाठवायच्या. यावरून महिनोन्‌महिने धुसफुस चालू होती.

आजींना घेऊन या म्हटलं. त्या नऊवारी नेसून, हातात जपमाळ घेऊन आल्या. मी नदीबद्दल विचारलं आणि त्या वाईच्या घाटावर जाऊन पोचल्या. कृष्णाबाईचा उत्सव, घाटाघाटांवरच्या पंगती, तिची खणा-नारळाने भरलेली ओटी. “नदी आमची आई हो. आईच्या ओटीत फुलं घालायची, केर नाही,” असं म्हणून मग स्वतःच बोलल्या, “आम्ही ओंजळीतनं चार फुलं सोडायचो. हे पिशवीचं तोंड बांधून भिरकावतात ना पुलावरनं, ते मला पण बघवत नाही. पण मुलगा खाली उतरायला नको म्हणतो.” ताई सासूबाईंकडे बघतच राहिल्या. पुण्यात पुलांच्या कठड्यांना उंच जाळ्या लावायची वेळ आली ती याच भिरकावण्यामुळे, आणि त्याचं दुःख दोघींनाही होतं.

“मग खताच्या डब्याला तुमची हरकत का?” असं विचारल्यावर उत्तर लगेच आलं. “त्यात खरकटं असतं. देवावरचं फूल उष्ट्यात कसं घालू?”

एवढीच गोष्ट होती. आळस नव्हता, अडाणीपणा नव्हता, सुनेला विरोधही नव्हता. त्यांना ते शिवाशिवीचं वाटत होतं, आणि इतके महिने हे कुणी त्यांना विचारलं नव्हतं. सुनेला शास्त्र ठाऊक होतं, सासूला पावित्र्य, आणि दोघी एकमेकींना ते समजावून सांगण्याऐवजी डब्यावरून भांडत होत्या.

उपाय ताईंनीच काढला. निर्माल्यासाठी वेगळा मातीचा माठ आणला, बाजूला आणि तळाला भोकं पाडलेला. तळाशी नारळाच्या शेंड्या, वर फुलं-दुर्वांचा थर, त्यावर मूठभर वाळका पाला आणि अधूनमधून शिंपडायला पाण्यात कालवलेलं आंबट ताक. हार तसाच टाकायचा नाही; दोरा, जरी, प्लास्टिकची पानं, टाचण्या काढून पाकळ्या चुरायच्या. हे काम आजींनी आपणहून घेतलं, कारण हात रिकामे असले की त्यांना करमत नाही. कापसाची वस्त्रंही त्यातच जातात. बेलाचं पान कुजायला वेळ लागतो, म्हणून त्याचे तुकडे करतात. सुरुवातीला वास आला, कारण फुलं ओलीच पडत होती आणि हवा खेळत नव्हती. पाला वाढवला, काडीने खालीवर केलं, वास गेला. दोनेक महिन्यांत काळसर, मोकळं खत हाती आलं ते तुळशीला आणि तगरीला घातलं. हे खत खरकट्याच्या डब्यात मिसळायचं नाही एवढी आजींची अट आहे, आणि ती पाळायला काहीच अवघड नाही.

ताईंना मी एक वहीही ठेवायला सांगितली होती. दिवसभरात घरातल्या दुसऱ्या कुणी पृथ्वीला जपणारं काय केलं, तेवढंच रात्री लिहायचं, स्वतःचं नाही. पहिले काही दिवस पान कोरं राहिलं. मग नोंदी दिसू लागल्या: आजी तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना घालतात, पानात कधी काही टाकत नाहीत, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतात, एका बादलीत अंघोळ करतात. नवरा गाडी असूनही कामाला बसने जातो. मुलगी पुस्तकं जुन्या बाजारातून घेते. ‘मी एकटीच’ हे वाक्य त्यांच्या बोलण्यातून हळूहळू कमी झालं. माझ्या अनुभवात कृतज्ञतेचा सगळ्यात व्यावहारिक उपयोग हाच असतो.

रात्री डबे उपसणं थांबलं. वर्गीकरण आता जेवणानंतर सगळे मिळून करतात, जमेल तेवढं, आणि राहिलं तर राहतं. मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर असतो. मुलीला ताईंनी सांगितलं की वेष्टन उघड डब्यात टाक, मी काही बोलणार नाही. पहिल्या आठवड्यात हे पाळताना त्यांना फार त्रास झाला, पण त्यांनी ते पाळलं.

तुमच्याही घरात अशीच ओढाताण असेल तर नियमांचा कागद फ्रिजवर लावण्याआधी, समोरच्या माणसाला नेमकं काय खुपतं ते एकदा शांतपणे विचारा. आणि झोप, भूक, कामातलं लक्ष सलग काही आठवडे बिघडलेलं असेल तर एकट्याने सोसू नका. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येतं, मराठीतही.

गणपतीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. ताईंकडचा गणपती दिरांच्या घरी वाईला बसतो, मूर्ती दर वर्षी प्लास्टर ऑफ पॅरिसची आणि मोठी. गेल्या वर्षी त्या रागाने गेल्याच नव्हत्या आणि मग दहा दिवस घरात रडत होत्या. यंदा जाणार आहेत. हार सुट्या फुलांचे, घरीच ओवून न्यायचे असं सासू-सुनेचं ठरलं आहे. मूर्ती पुढच्या वर्षी शाडूची आणि लहान असावी, हे दिरांशी नवरा बोलणार आहे. ते मान्य झालं नाही तरी आरतीला उभं राहायचं, असं ताईंनी स्वतः ठरवलं आहे.