नोंदणीकृत, मान्यताप्राप्त आणि शासनमान्य

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की त्यांच्या कारखान्याच्या फाटकाशेजारी दोन युनियनचे फलक असून एकावर ‘नोंदणीकृत व शासनमान्य’ आणि दुसऱ्यावर ‘मान्यताप्राप्त’ असे लिहिलेले आहे. या शब्दांचा अर्थ एकच आहे का, आणि शासनाची मान्यता नसलेली संघटना बेकायदेशीर ठरते का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: ठरत नाही. संघटना स्थापन करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिलेला आहे, आणि त्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी लागत नाही. पहिल्या प्रश्नाला मात्र सविस्तर उत्तर हवे, कारण हे तीन शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात आणि त्यांची सरमिसळ झाली, की युनियन आणि सरकार यांचे नातेच चुकीचे समजले जाते.

वाक्यरचनेकडे पाहिले, तरी फरकाची कल्पना येते. संघटनेची नोंदणी होते, पण संघटनेला मान्यता मिळते. नोंदणीच्या वाक्यात निबंधकाचा, म्हणजे नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, उल्लेख नसला, तरी अर्थाला बाध येत नाही. मान्यतेच्या वाक्यात मात्र ‘कोणाकडून?’ हा प्रश्न उरतोच, आणि फलकांवर नेमके त्याचेच उत्तर नसते.

नोंदणीचा पाया १९२६ च्या ट्रेड युनियन ॲक्टने घातला. त्यामागची हकिकत मोलाची आहे. मद्रासमधील गिरणीच्या संपात तिथल्या उच्च न्यायालयाने कामगार नेते बी. पी. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम दिला; कामगारांना संघटित करणे हीच कायद्याच्या दृष्टीने आगळीक ठरू शकते, हे त्यामुळे उघड झाले, आणि ना. म. जोशी यांनी १९२१ साली केंद्रीय विधिमंडळात संघटनांना कायद्याचे संरक्षण देण्याचा ठराव मांडला. पुढे झालेल्या कायद्याने नोंदलेल्या संघटनेला स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करण्याचा आणि दावा लावण्याचा अधिकार दिला, आणि संघटनेच्या रास्त कामाबद्दल पदाधिकाऱ्यांवर फौजदारी कटाचा आरोप ठेवता येणार नाही, अशी तरतूद केली. नोंदणी ही सरकारने दिलेली शाबासकी नव्हती. ती कामगारांनी मिळवलेली ढाल होती. मूळ कायद्यात सात जणांनी अर्ज केला तरी पुरत असे. २००१ च्या दुरुस्तीने एकूण कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद, पण किमान सात, अशी अट घातली.

मान्यता वेगळी. आपल्या राज्यात त्यासाठी १९७१ चा स्वतंत्र अधिनियम झाला. कामगार संघटनांना मान्यता देणे आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणे हे त्याचे दोन हेतू त्याच्या नावातच आहेत. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, अर्जापूर्वीच्या सहा महिन्यांत किमान ३० टक्के कामगार ज्या संघटनेचे सभासद आहेत, तिला मान्यतेसाठी अर्ज करता येतो. हा अर्ज मंत्रालयाकडे जात नाही, कामगार आयुक्तांकडेही नाही. तो औद्योगिक न्यायालयात जातो, आणि असे न्यायालय कोल्हापुरातच आहे. म्हणजे शिरोलीच्या खासगी कारखान्यातील युनियन ‘मान्यताप्राप्त’ असेल, तर ती मान्यता न्यायालयाने तिचे संख्याबळ तपासून दिलेली असते. संघटना कामगारांच्या नव्हे, तर मालकाच्या हितासाठी अर्ज करीत आहे असे दिसले, तर न्यायालय मान्यता नाकारते, हेही लक्षात ठेवावे.

साखर कारखान्यांत मात्र आणखी एक शब्द चालत आला आहे: ‘प्रातिनिधिक’. तो १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमातला. त्या कायद्यात एखाद्या स्थानिक क्षेत्रातील संपूर्ण उद्योगाचा हिशेब धरतात आणि किमान २५ टक्के सभासद असलेली संघटना ‘प्रातिनिधिक संघ’ होऊ शकते. या एका विशेषणात किती बळ असते, हे मुंबईच्या गिरणी संपाने दाखवले. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंत यांच्या मागे उभे राहिले, पण कायद्याने प्रातिनिधिक होता राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि कामगारांच्या वतीने मालकांशी बोलणी करण्याचा हक्क त्याचाच होता. म्हणून हा कायदाच रद्द करा, अशी मागणी त्या संपात पुढे आली. कामगार ज्याला आपला प्रतिनिधी मानतात तो आणि कायदा ज्याला प्रातिनिधिक म्हणतो तो, यांची फारकत झाली की एका शब्दापायी लाखो संसार कसे टांगणीला लागतात, याचे मराठी मुलखात याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

आता ‘शासनमान्य’. शासनमान्य ग्रंथालय किंवा सरकारमान्य देशी दारूचे दुकान म्हणताना शासनाने अनुदानासाठी किंवा परवान्यासाठी पारख केली, हा अर्थ बरोबर आहे. शिवाय ‘राजमान्य राजश्री’ या पत्रांतील जुन्या मायन्यामुळे ‘मान्य’ला प्रतिष्ठेचा जो वास आहे, तोही या शब्दाला चिकटलेला आहे. खासगी कारखान्यातील युनियनला यांपैकी काहीच लागू होत नाही. निबंधकाने प्रमाणपत्र दिले म्हणजे शासनाने मान्य केले, असे समजून हा शब्द लिहिला जात असावा. पण त्यातून ‘सरकार आमच्या पाठीशी आहे’ असा जो ध्वनी निघतो, तो नव्या कामगाराची दिशाभूल करतो.

एका ठिकाणी मात्र हा शब्द चपखल बसतो, ते म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटना. तिथे मालकच शासन असल्यामुळे मान्यताही शासनच देते. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या १९९३ च्या नियमांत त्यासाठी ३५ टक्के सभासदांची अट आहे. जुन्या पेन्शनसाठी १४ मार्च २०२३ पासून राज्यातील कर्मचारी संपावर गेले, तेव्हा ज्या शासनाविरुद्ध घोषणा चालल्या होत्या, त्याच्याशीच संघटनांचे नेते चर्चा करत होते. शासनमान्य असणे म्हणजे शासनाच्या बाजूचे असणे नव्हे.

मान्यता नसलेल्या युनियनला ‘अमान्य संघटना’ म्हणू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ‘अमान्य’ म्हणजे फेटाळलेले. तर १९७१ च्या अधिनियमानुसार मान्यता नसलेली संघटनाही आपल्या सभासदाच्या बडतर्फीबाबत किंवा निलंबनाबाबत मालकाशी बोलू शकते आणि खातेनिहाय चौकशीत त्याच्या बाजूने उभी राहू शकते.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत चित्र पुन्हा बदलले आहे. तिथे एकाहून अधिक संघटना असतील, तर ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते, आणि तिला तशी मान्यता द्यायची असते ती मालकाने. तेव्हा फलक रंगवताना ‘नोंदणीकृत’पुढे नोंदणी क्रमांक लिहावा, ‘मान्यताप्राप्त’ लिहायचे असेल तर मान्यता देणाऱ्याचे नाव आणि आदेशाची तारीख द्यावी, आणि खासगी कारखान्याच्या फाटकावरून ‘शासनमान्य’ हा शब्द काढून टाकावा.